सूपभर कोंड्याला विकलेली पोर

तुमचं मूल तुमचंच आहे, हे तुम्हाला कधी कुणापुढे तोंडानं सांगावं लागलं आहे का? शाळेच्या प्रवेशाला किंवा रेशनकार्डावर नाव चढवताना सांगतो तसं नाही. समोर टेबल, टेबलामागे अधिकारी, आणि तुम्ही काय बोलता यावर मूल घरी येणार की कायमचं दुसऱ्याचं होणार हे ठरणार, अशा ठिकाणी?

मी ज्या बाईबद्दल लिहिते आहे तिला हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, आणि कितीतरी दिवस ती एकच म्हणत राहिली, "माही नोहे," माझी नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिला मूल नको होतं असंही नाही. पोर जिवंत राहावी म्हणूनच ती असं म्हणत होती.

राजुऱ्याच्या पुढे तेलंगणाच्या अंगाला डोंगर चढत जातात, तिथल्या एका गोंडांच्या गावातली ही बाई. वयानं माझ्याएवढीच. तिची पहिली दोन मुलं गेली, एक पाळण्यातच आणि दुसरं रांगायला लागल्यावर. नवरा ट्रॅक्टरवर मजुरीला जायचा, तोही एका पोळ्याच्या सुमारास ताप येऊन गेला. तेव्हा तिसरी पोटात होती. ती जन्मली तेव्हा गावानं जे करायचं ते केलं. पोरीला सुपात घालून गावाबाहेरच्या उकिरड्यावर ठेवलं. आई पाठ फिरवून चालू लागली. शेजारच्या म्हातारीनं येऊन सूप उचललं, "ही पोर कोणाची?" म्हणून हाक दिली आणि सूपभर कोंडा देऊन पोर विकत घेतली. त्या दिवसापासून पोर म्हातारीची. दूध आईच पाजणार, अंगाला तेल आईच लावणार, झोपवणारही तीच. पण कुणी विचारलं तर सांगायचं, ही हिची नाही. ज्या घरातली दोन मुलं मरणानं नेली, त्या घरात तिसरं आहे हे मरणाला कळू द्यायचं नाही. पोरीचे दुधाचे दात पडले की भुमक, म्हणजे गावचा पुजारी, दिवस सांगतो आणि आई आपलं मूल धान्य देऊन परत विकत घेते. तोवर ते तिचं नसतं.

हे वाचून 'आदिवासींच्या अंधश्रद्धा' असे शब्द मनात आले असतील, तर आपल्याच घराण्याची तीन पिढ्यांमागची नावं आठवून बघा. दगड, कोंडा, भीक, उकिरडा यांवरून ठेवलेलं एखादं नाव सापडेल. त्या पणजोबाचं बारसं असंच झालेलं असतं. तुमच्याकडे फक्त नाव उरलं. डोंगरात रीत उरली आहे.

या लिखाणात कुणाचंही नाव मी देणार नाही. गावाचं तर नाहीच. ती अट माझी नाही, त्या बाईची आहे.

माझं घर राजुऱ्यात. दोन खोल्या आमच्या आणि पुढची एक संघटनेची. वनहक्काचे दावे, जमिनीची मोजणी, मजुरीचे तंटे यांत आईचं सगळं आयुष्य गेलं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. शाळेच्या पुस्तकांना पत्रकांचीच कव्हरं असायची. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मी स्वतःच्या नावाच्या आधी बिनचूक लिहायला शिकले, असं आई सांगते. अन्याय नीट शब्दांत एका पानावर मांडला आणि आठवडी बाजारात वाटला की निम्मं काम होतं, अशी माझी समजूत होती. अजूनही बरीचशी आहे.

पोर दोन वर्षांची होऊन गेली होती तेव्हा तिला हिवताप झाला. अंग तापायचं, थरथरायचं, मग गार पडायचं. बाई तिला घेऊन चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात गेली. शेजारची म्हातारी कापसाच्या वेचणीला गेलेली होती, म्हणून बाई एकटीच. खिडकीवर आईचं नाव विचारलं, तिनं शेजारणीचं सांगितलं. ती कुठे आहे? गावात. मग तू कोण? शेजारीण.

वॉर्डातल्या नर्सनं पोरीला हिच्या छातीशी बघितलं आणि म्हणाली, "दूध तर तूच पाजतेस."

"पाजतो. पण माही नोहे."

"मग जिची म्हणतेस तिच्याकडे ती कशी गेली?"

"तिनं विकत घेतली."

हे उत्तर नर्सनं वर कळवलं, तिथून ते पोलिसांकडे गेलं आणि मग बालकल्याण समितीकडे. त्या नर्सबद्दल माझी तक्रार नाही. या देशात मुलं खरोखर विकली जातात. विकली असं ऐकूनही जी नर्स गप्प बसते, तिच्याबद्दल मी पत्रक काढीन. हिला जसं शिकवलं, तसं हिनं केलं. पोर बरी झाल्यावर समितीच्या आदेशानं शहरातल्या शिशुगृहात गेली आणि बाईला सांगण्यात आलं की चौकशी होईल, मग बघू.

इथे ती भांडली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. ती का भांडली नाही, हे मी तिला नंतर विचारलं. आम्ही अंगणात मोहाच्या झाडाखाली बसलो होतो, ती सुतळी वळत होती.

"कायले भांडू? चांगलं झालं वाटलं मले," ती म्हणाली. "म्हातारीचं घर तं लागूनच हाय माह्या घराले. मरण आलं तं दोन पावलं चालून तिथी बी जाते. पण सरकारच्या घराचा पत्ता त्याले कोण सांगते? एवढं मोठं गेट. वाचमन बसून राह्यते."

शिशुगृह ही तिला म्हातारीपेक्षा चांगली लपायची जागा वाटली. पोर तिथे दूधभात खाते, गादीवर झोपते, एवढं तिनं एकदा जाऊन जाळीतून बघितलं होतं. मग ती शांत मनानं गावच्या टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला निघून गेली.

चौकशीला माणूस गावात आला तो तिच्या जाण्याच्या आधी. त्यानं त्याचं काम केलं. शेजारणीला विचारलं, पोर विकत घेतली का? ती म्हणाली, घेतली. कशाला घेतली? कोंड्याला. बाईला विचारलं, पोर तुझी आहे का? नाही. परत न्यायची आहे का? "माही नोहे, तं मी कशी नेऊ?" खाली तिचा अंगठा आहे. त्या कागदावर एकही शब्द खोटा नाही. मी तो कितीदा तरी वाचला आहे. जे विचारलं ते लिहिलं आहे, जे सांगितलं ते लिहिलं आहे. जे कुणी विचारलंच नाही ते फक्त त्यात नाही.

मग नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात नोटीस आली. आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींमध्ये, नखाएवढा फोटो. या बालिकेच्या पालकांनी मुदतीत संपर्क साधावा, अन्यथा कोणाचा हक्क नाही असे समजण्यात येईल. ते वर्तमानपत्र ज्या गावात जात नाही त्या गावासाठी ती नोटीस होती, आणि गाव तेव्हा मिरचीच्या शेतात होतं. मुदत गेली. पोर दत्तक देण्यासाठी कायद्यानं मुक्त झाल्याचा आदेश निघाला.

मिरचीचा हंगाम संपवून बाई परत आली ती थेट शिशुगृहात. बरोबर लाल मिरचीचं गाठोडं होतं, तिथल्या स्वयंपाकिणींना द्यायला. अधीक्षिकेनं तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की आता भेटता येणार नाही. मुलगी मुक्त झाली आहे. दूरच्या शहरातल्या एका जोडप्याला तिचा फोटो गेला आहे.

"कोणापासून मुक्त?" बाईनं विचारलं.

अधीक्षिकेकडे याला कायद्यातलं उत्तर होतं. ते तिनं दिलं नाही, असं ती मला पुढे म्हणाली.

त्या दिवशी बाई आमच्या दारात आली. मिरचीचं गाठोडं तसंच काखेत होतं आणि घरभर ठसका लागला. आई पाणी आणायला आत गेली. बाई उंबऱ्याजवळच बसली आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "लपवाले दिली होती. नेऊन राह्यले."

मला जे येत होतं ते मी केलं. बसल्या बैठकीला पत्रक लिहिलं. व्यवस्था, लेकरं पळवणं, आदिवासी आईचा आक्रोश, सगळं त्यात होतं. पुढच्या आठवड्यात बाई शेजारणीला घेऊन आली तेव्हा मी ते त्यांना वाचून दाखवलं. शेजारीण म्हणजे ती कोंडा देऊन पोर घेणारी म्हातारी. दात थोडे, तंबाखूची गोळी गालात, जिभेला हाड नाही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"चांगलं लिवलं. रडाले येते," ती म्हणाली. "हे वाटता कुठी?"

"आठवडी बाजारात. राजुऱ्यात, चंद्रपुरातही."

"म्हणजे ही पोर हिची हाय, हिच्या पोटची हाय, असं बाजारभर बोंबलत फिरता?"

"हो."

"अन् मरण काय बहिरं हाय? बाजारात येत नाई ते?"

माझी आई हसली. बाई हसली नाही. तिनं माझ्या हातातलं पान घेतलं, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "पत्रक नको. पोरगी पायजे." ते पत्रक छापलं गेलं नाही. नावं न देण्याचं मी तेव्हा कबूल केलं.

आईच्या ओळखीच्या एका वकिलांनी आदेशाविरुद्ध अपील लिहिलं. अपिलाची मुदत उलटून गेली होती, त्याचं कारण वेगळं लिहावं लागलं. रक्ताची तपासणी झाली आणि जन्म देणारी हीच, असा अहवाल आला. मला वाटलं, संपलं. वकील म्हणाले, "अर्धंच झालं. जन्म कोणी दिला ते रक्त सांगतं. न्यायची आहे की नाही, हे रक्त सांगत नाही. ते बाईनंच सांगायला पाहिजे. तिचाच अंगठा आहे तिकडे, माझी नाही म्हणून."

सुनावणी चंद्रपूरला झाली. अपील ऐकणारे साहेब वयानं फार मोठे नव्हते. मी गोंडी समजावून द्यायला म्हणून बसले होते, पण त्यांनी साध्या मराठीत विचारलं आणि बाईला ते समजलं.

"बाई, ही मुलगी कोणाची?"

साहेबांनी रक्ताचा अहवाल पुढे सरकवला. "यात लिहिलंय तुम्हीच आई. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. मुलगी तुमची?"

बाईनं मागे वळून म्हातारीकडे बघितलं, परत पुढे बघितलं आणि म्हणाली, "तिची."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. साहेब चिडले नाहीत. "पुढची तारीख देतो. ती शेवटची. तिकडे एक जोडपं वाट बघतंय आणि मुलगी मोठी होतेय. कोणालाच टांगून ठेवता येणार नाही मला."

बसस्टँडवर आम्ही चहा घेतला. मी तिला बोलले. एवढे कागद केले, एवढ्या खेपा झाल्या, एक शब्द बोलायचा होता. दुकानाच्या फळीवर कप ठेवून तिनं मला उत्तर दिलं.

"तू म्हणते हो म्हण. मी हो म्हणतो. अन् ती मेली तं? तू येशील का मातीले?"

मी चहाचे पैसे काढायला पिशवीत हात घातला.

"त्या शहरातल्या बाईकडं गेली तं जिती तं राह्यील," ती म्हणाली. "मले दिसणार नाई, पण राह्यील."

मी तोवर समजत होते की तिला मूल परत मिळवायचं आहे आणि रीत आडवी येते आहे. त्या फळीपाशी पहिल्यांदा मला कळलं की ती मूल सोडून द्यायलाही तयार आहे. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. पोर आपली म्हणायची आणि मरणाला पत्ता द्यायचा, नाही तर पोर दुसऱ्याची होऊ द्यायची आणि ती कुठेतरी जगते आहे असं समजून राहायचं. कायद्यानं तिच्याकडून नेमकी पहिली वाट मागितली होती.

म्हातारी एवढा वेळ बिस्किट बुडवून खात होती. ती म्हणाली, "मी वापस विकतो ना हिले. काऊन नाई विकत येत?"

"दात पडले नाई अजून," बाई म्हणाली.

"भुमकाले विचारू. दात काय कायद्यात लिवले हाय का?"

दुसऱ्या दिवशी गावात भुमकाच्या ओट्यावर माणसं जमली. भुमक कमी बोलणारा माणूस. सगळं ऐकून तो म्हणाला की दात पडण्याआधीही विकत घेता येतं. त्याच्या आजानं एकदा करवलं होतं, कुणी एक बाई परगावी नांदायला चालली होती तेव्हा. पण पोर सुपात पाहिजे. कुणीतरी सुचवलं, पोरीचं झबलं आहे, ते सुपात ठेवू. भुमकानं मान हलवली. "झबलं रडत नाई. हसत नाई. ज्याले विकता ते सुपात पायजे."

म्हणून वकिलांनी अर्ज केला की सुनावणीआधी आईला मुलीला भेटू द्यावं. साहेबांनी अधीक्षिकेच्या देखरेखीखाली थोडा वेळ मंजूर केला. अर्जात सुपाचा उल्लेख नव्हता.

शिशुगृहाच्या फाटकावर बाई, म्हातारी आणि मी. बाईच्या हातात पायलीभर ज्वारीची पिशवी, म्हातारीच्या डोक्यावर सूप. अधीक्षिका बाहेर आली. वरोऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातली बाई, चष्मा, इस्त्रीची साडी, बोलणं ऑफिसातलं.

"भेटीसाठी फक्त आईला परवानगी आहे," ती म्हणाली. मग वर बघितलं. "आणि हे सूप कशाला आणलंय?"

म्हातारी म्हणाली, "पोरगी घेतली होती यात. यातच वापस द्याची हाय. आमचं असते तसं."

मी पुढे होऊन समजावायला लागले. रूढी, संविधान, सांस्कृतिक अधिकार. माझी तीन-चार वाक्यं झाली असतील. अधीक्षिका माझ्याकडे बघतच नव्हती. ती सुपाकडे बघत होती.

"आमच्या बाबाले बी सुपातच घेतलं होतं," ती म्हणाली. तिचं ऑफिसातलं बोलणं एकदम उतरलं होतं. "त्याइच्या मावशीनं. कोंड्यावर." मग तिनं फाटक उघडलं. "उकिरडा लागते ना? मांगं भाजीच्या वाफ्याजवळ खताचा खड्डा हाय. तिथी करा. पण आटपा लवकर, अन् फोटो काढू नका कोणी."

पोरीला आणलं. निळा फ्रॉक, केस बारीक कापलेले. सव्वा वर्षात ती गोंडी विसरली होती आणि सगळ्या बायकांना मावशी म्हणत होती. तिनं आईकडे बघितलं तसंच म्हातारीकडे बघितलं आणि तसंच माझ्याकडे. सूप मात्र तिला आवडलं. खड्ड्याच्या काठावर सुपात बसवल्यावर ती दोन्ही कडा धरून डुलायला लागली. दोन स्वयंपाकिणी पोळ्या सोडून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

बाईनं विचारलं, "ही पोर विकता का?"

रीतीप्रमाणे विकणारीनं आधी नाही म्हणायचं असतं. म्हातारीनं ते मनापासून केलं. "नाई विकत. चाल हट."

"पायलीभर जवारी देतो."

"पायलीभर? पायलीभरात कोंबडी नाई देत कोणी. वजन पाय माह्या पोरीचं. सरकारचा भात खाऊन फुगली हाय."

"तुह्या पोरीले दूध कोणाचं पाजलं?"

"मंग? पाजलं तं पाजलं. मी म्हणलं होतं का पाज म्हणून? तुलेच हौस."

स्वयंपाकिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोर त्यांना बघून हसली. म्हातारी आणखी बरंच बोलली. पोरीच्या नाकाबद्दल बोलली, बाईच्या माहेराबद्दल बोलली, ज्वारीत खडे असतील म्हणून पिशवीत हात घालून बघितला. मग मूठभर ज्वारी बोटांतून परत पिशवीत सोडली.

"नेऊन जा," ती म्हणाली. "म्हातारी झालो मी. माह्यानं नाई होत आता."

बाईनं ज्वारी तिच्या ओटीत ओतली आणि सूप उचललं. पोर त्यातून घसरली, उतरली आणि पळत जाऊन अधीक्षिकेच्या साडीमागे लपली. बाई तिच्या मागे गेली नाही. रिकामं सूप धरून तिथेच उभी राहिली. अधीक्षिकेनं पोरीला उचलून घेतलं आणि म्हणाली, "होईल. सगळेच असे करतात पयले."

सुनावणीला साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"माही," बाई म्हणाली. इतक्या मोठ्यानं की दाराशी बसलेला शिपाई आत डोकावला. "माह्या पोटची हाय. मले न्याची हाय."

"मागच्या वेळी नाही म्हणालात. चौकशीत नाही म्हणालात. दवाखान्यात नाही म्हणालात. आता हो कसं?"

वकील उठू लागले, त्याच्या आधी म्हातारी बोलली. "साहेब, टोपल्याखाली कोंबडीचं पिलू झाकते ना माणूस? घारीनं नेऊ नये म्हणून. मी टोपलं होतो. पिलू हिचंच."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. यावेळी मी पाच वाक्यांत रीत सांगितली आणि थांबले. त्यांनी अधीक्षिकेचं म्हणणं विचारलं. तिनं खताच्या खड्ड्यापाशी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, आपल्या वडलांसकट. साहेब बराच वेळ लिहीत होते. मग पेन खाली ठेवून, कुणाकडे न बघता म्हणाले, "त्या जोडप्याला कळवावं लागेल."

त्या जोडप्याला मी ओळखत नाही. त्यांनी फोटो बघितला असेल, नाव ठरवलं असेल, कदाचित लहान खाट आणली असेल. त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. व्यवस्थेवर पत्रक लिहिताना मी त्यांच्यासाठी एक ओळ कशी लिहिणार होते, हे मला आजही सुचलेलं नाही.

आधीचा आदेश रद्द झाला आणि पोर आईच्या ताब्यात आली. अधूनमधून एक कार्यकर्ती घरी येऊन बघून जाईल, अशी अट आहे. ती येते. सुरुवातीला पोर भात मिळाला नाही की रडायची, तिला भाकर चावत नसे. आईला ती बरेच दिवस मावशी म्हणाली. बाई ओ द्यायची.

पुढच्या पावसाळ्यात पोरीला पुन्हा ताप आला. बाईनं दुसऱ्याच्या फोनवरून मला लावला आणि इतक्या शिव्या दिल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "म्हणली होती ना मी? म्हणली होती का नाई? आता कुठी लपवू?" उपकेंद्रातल्या गोळ्यांनी ताप उतरला. नंतर तिनं पुन्हा फोन केला, पण माफी मागायला नाही. "या वक्ताले मरणानं सोडलं," एवढंच म्हणाली. पोर आता अंगणवाडीत जाते. आपली म्हणून सांगितल्याची भीती बाईच्या मनातून गेलेली नाही, आणि ती कधी जाईल असं मला वाटत नाही. ती भीती घेऊनच तिनं 'माही' म्हटलं होतं.

हे लिहू का म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, लिही, पण कोणाचं गाव कोणतं ते कळू देऊ नको. आणि एक काम सांग वाचणाऱ्यांना. ते काम मी माझ्या शब्दांत सांगते.

तुमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर अशी नोटीस आली, की पान उलटू नका. मूल कुठे सापडलं, कोणत्या तालुक्यातलं आहे, ते वाचा. त्या बाजूला जाणारं कुणीतरी तुमच्या ओळखीचं असतंच. एसटीचा कंडक्टर असेल, मिरचीच्या टोळीचा मुकादम असेल, एखादी आशाताई असेल. त्यांना ती नोटीस पाठवा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायला सांगा. फोटो ओळखणारी बाई सापडली आणि 'माझी नाही' म्हणाली, तर तिथे थांबू नका. कोणाला दिलीस, काय घेऊन दिलीस आणि परत कधी घेणार होतीस, एवढं विचारा. जे उत्तर येईल ते मुदत संपायच्या आत समितीच्या टेबलावर नेऊन ठेवा. ते काम त्या बाईवर सोपवू नका, तुम्ही स्वतः जा.